परका आणि शेजारी : युरोपीय नाट्यातील परकीय व एकनाथांचा तुर्क

१

नाटकात परक्या माणसाचे चित्रण कसे होते, या प्रश्नाचा विचार युरोपीय समीक्षेत पुष्कळ झालेला आहे. त्या विचारातून काही सिद्धान्त रूढ झाले असून मराठी अभ्यासक ते आपल्याकडील प्रयोगरूपांनाही सर्रास लावतात. तथापि हे सिद्धान्त ज्या नाटकांवरून काढले गेले, त्या नाटकांतील परका कोठून आला होता आणि प्रेक्षकाची व त्याची प्रत्यक्ष ओळख कितपत होती, हा प्रश्न फारसा विचारला जात नाही. वसमत तालुक्यातील हट्टा यासारख्या गावी बसून हा विषय पाहू लागल्यास तोच प्रश्न प्रथम उभा राहतो. मराठवाड्यातील मराठी श्रोत्याला ‘तुर्क’ हा शब्द संतवाङ्मयातून परिचित होता. त्या शब्दाने निर्दिष्ट होणारा माणूस मात्र त्याच्या पेठेत, शिवारात आणि कचेरीत रोज भेटणारा होता. अशा श्रोत्यापुढे जेव्हा तुर्काचे सोंग येते, तेव्हा त्यास युरोपीय अर्थाने ‘परकीयाचे चित्रण’ म्हणता येईल काय, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

आरंभी शब्दांचा विचार करणे इष्ट ठरेल. ग्रीकांनी परक्याला जे नाव दिले, त्याच्या मुळाशी न कळणाऱ्या बडबडीचे अनुकरण आहे. संस्कृतातील ‘म्लेच्छ’ शब्दाच्या मुळाशीही अस्पष्ट, अशुद्ध उच्चाराचीच कल्पना आहे. म्हणजे दोन्ही परंपरांनी परका प्रथम कानाने ओळखला. वर्ण, वेष आणि धर्म यांचा विचार मागाहून आला. नाट्यशास्त्राने पात्रांना भाषा वाटून दिल्या, त्यामागेही हीच जाणीव आहे. रंगभूमीवर परका उभा करावयाचा म्हणजे त्याला कोणती वाणी द्यावयाची, हे प्रथम ठरवावे लागते. ज्याला वाणीच मिळत नाही तो देखाव्याचा भाग होऊन राहतो. राजाच्या भोवती धनुष्य घेऊन उभ्या असणाऱ्या संस्कृत नाटकांतील यवनी याच जातीच्या होत.

२

युरोपीय नाट्याच्या अगदी आरंभीच परका उभा आहे. एस्किलसचे ‘पर्शियन’ हे उपलब्ध ग्रीक शोकनाट्यांतील सर्वांत जुने मानले जाणारे नाटक इ. स. पूर्व ४७२ मध्ये सादर झाले. सलामिसची लढाई त्यापूर्वी अवघी आठ वर्षे झालेली होती. पराभूत शत्रूच्या राजधानीत, त्याच्या राजमातेच्या आणि वृद्ध मंत्र्यांच्या तोंडून तो पराभव सांगण्याची योजना मोठ्या उदारतेची आहे, यात शंका नाही. परंतु या नाटकातील पर्शियन स्वतःचा उल्लेख ग्रीकांनी आपणास दिलेल्या ‘बर्बर’ याच नावाने करतात. परक्याला शोक करण्याचा अधिकार मिळाला. स्वतःला स्वतःच्या नावाने हाक मारण्याचा मात्र मिळाला नाही.

रोमन नाटककार प्लॉटस याच्या ‘पोएनुलुस’ या प्रहसनात याहून वेगळा प्रकार आढळतो. कार्थेजशी झालेले दुसरे युद्ध इ. स. पूर्व २०१ मध्ये संपले आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत या नाटकातील हान्नो नावाचा कार्थेजी वृद्ध रोमन रंगभूमीवर आपल्या स्वतःच्या प्यूनिक भाषेत बोलू लागला. हरवलेल्या मुलींच्या शोधात आलेला हा पिता सहृदयतेने रंगविला आहे. तरीही त्याच्या भाषेचा उपयोग हास्यासाठी होतो. ती भाषा येत असल्याचा आव आणणारा दास वाटेल तो अर्थ सांगतो आणि प्रेक्षक हसतात. हे हसणे प्रेक्षकाच्या अज्ञानावर उभे आहे. प्रेक्षागृहातील प्रत्येकाला प्यूनिक येत असती, तर या विनोदाचे स्वरूप पालटले असते. पुढील विवेचनात या गोष्टीचे स्मरण ठेवावे लागेल.

मोलिएरच्या ‘ल बुर्झ्वा जांतिल्योम’ या नाटकात (१६७०) ही प्रक्रिया टोकास पोहोचते. १६६९ मध्ये तुर्की सुलतानाचा दूत फ्रान्सच्या दरबारात आला होता. त्या प्रसंगाची कुतूहलमिश्रित आठवण ताजी असताना या नाटकातील तुर्की समारंभ रचला गेला. त्यात तुर्क एकही नाही. फ्रेंच माणसे तुर्कांची सोंगे घेतात आणि अर्धवट बनावट भाषेत एका प्रतिष्ठालोलुप फ्रेंच व्यापाऱ्याची फजिती करतात. परका येथे केवळ वस्त्रप्रावरणाच्या रूपाने शिल्लक राहतो.

या परंपरेचे तत्त्व रासीनने ‘बाजाझे’ या शोकनाट्याच्या (१६७२) प्रस्तावनेत उघडपणे मांडले. नुकत्याच घडलेल्या घटनेवर शोकनाट्य रचणे अनुचित, असा तत्कालीन संकेत होता. देशाचे दूरत्व काळाच्या सान्निध्याची भरपाई करते, अशा आशयाचे समर्थन रासीनने पुढे केले. कॉन्स्टँटिनोपल इतके दूर की तेथील कालची घटनाही पुराणकथेसारखी वाटावी. परक्याचे नाट्यरूप दूरत्वावर अवलंबून असते, याची इतकी प्रांजळ कबुली अन्यत्र क्वचितच मिळेल.

या दूरत्वाचा परिणाम मराठवाड्यातील वाचकाला एका उदाहरणाने तत्काळ पटेल. इंग्रज कवी ड्रायडन याचे ‘औरंगझेब’ हे नाटक १६७५ मध्ये लंडनमध्ये रंगभूमीवर आले. त्या वेळी औरंगझेब दिल्लीच्या तख्तावर हयात होता. बापाला कैदेत ठेवणारा आणि भावांना दूर सारणारा हा बादशहा ड्रायडनने पितृभक्त, संयमी आणि सद्गुणी नायक म्हणून उभा केला. लंडनच्या प्रेक्षकाला यात काही विपरीत वाटण्याचे कारण नव्हते. त्याच्या दृष्टीने ते एक भारदस्त नाव होते. त्याच औरंगझेबाचा देह १७०७ पासून खुलताबादच्या मातीत आहे. ज्या प्रदेशात त्याची कबर आहे, त्याच्या नावाचे शहर होते आणि त्याच्या स्वाऱ्यांच्या आठवणी आहेत, तेथे ड्रायडनचे नाटक गंभीरपणे उभे राहणे अशक्य होते. ते कोणी निषिद्ध ठरविल्यामुळे नव्हे. प्रत्येक श्रोत्याजवळ आपापला औरंगझेब असल्यामुळे.

३

शेक्सपिअरच्या परकीयांचा विचार स्वतंत्रपणे केला पाहिजे, कारण दूरत्वाचे तत्त्व मान्य करूनही त्याने परक्याला अशी वाणी दिली की ती त्या तत्त्वाच्या चौकटीत मावत नाही. ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’ हे नाटक १५९६-९७ च्या सुमाराचे. ज्यूंना इंग्लंडमधून १२९० मध्ये घालवून देण्यात आले होते आणि त्यांना पुन्हा वास्तव्याची मुभा मिळण्यास १६५६ साल उजाडावे लागले. म्हणजे शायलॉकचे निर्माण झाले ते उघडपणे ज्यू म्हणून राहणारा समाजच नसलेल्या देशात. ऐकीव कथा आणि जुने पूर्वग्रह यांतून आलेल्या या पात्राला शेक्सपिअरने आपले दुःख स्वमुखाने सांगावयास लावले, हे त्याच्या प्रतिभेचे मोठेपण होय. परंतु नाटकाची गती त्या दुःखाला मानत नाही. न्यायसभेच्या अखेरीस शायलॉकवर धर्मांतराची अट लादली जाते, आणि ती दयेचा एक भाग म्हणून लादली जाते. त्यानंतर तो रंगभूमीवरून जातो तो परत येत नाही. पाचवा अंक त्याच्याविना चांदण्यात आणि संगीतात पार पडतो.

ऑथेल्लोचा (१६०३-०४) शेवट वरवर पाहता निराळा दिसतो. हा परका व्हेनिसचा सेनापती आहे. राज्याला त्याची गरज आहे. तथापि मरणाच्या क्षणी तो पूर्वी अलेप्पोत आपण मारलेल्या एका तुर्काची आठवण सांगतो आणि त्याच रीतीने स्वतःवर शस्त्र चालवितो. व्हेनिसचा सेवक आणि व्हेनिसचा शत्रू ही दोन्ही नाती त्याच्या एकाच देहात एकवटतात, आणि पहिला दुसऱ्याला ठार करतो. शायलॉकला बाहेरून जे करावे लागले, ते ऑथेल्लो स्वतःच्या हाताने करतो. निष्कासन, धर्मांतर अथवा मृत्यू या तीन वाटांपलीकडे येथवर पाहिलेल्या गंभीर नाटकाला परक्यासाठी चौथी वाट सापडत नाही.

ती वाट शोधण्याचा थोर प्रयत्न लेसिंगने ‘नाथान डेर वाइजे’मध्ये (१७७९) केला. ज्यू, ख्रिस्ती आणि मुसलमान यांना त्याने जेरुसलेममध्ये एकत्र आणले आणि तीन अंगठ्यांच्या दृष्टान्ताने धर्मभेदाचा निर्णय काळाच्या स्वाधीन केला. परंतु नाटकाच्या अखेरीस जे आलिंगन घडते, त्याचे कारण बारकाईने पाहण्याजोगे आहे. नाथानने वाढविलेली रेखा आणि ख्रिस्ती टेम्पलर हे सख्खे बहीण-भाऊ निघतात, आणि त्यांचा पिता सुलतान सलाउद्दिनाचा हरवलेला भाऊ होता असे उघडकीस येते. भेद मिटतो तो रक्तसंबंध सापडल्यामुळे. या रक्ताच्या नात्यातून वगळला जाणारा प्रमुख माणूस एकच, तो म्हणजे स्वतः नाथान. ज्याच्या शहाणपणावर सर्व नाटक उभे आहे, तो ज्यू प्रेमाने जवळचा असला तरी वंशाने बाहेरच राहतो. परका आपला व्हावा यासाठी तो मुळात आपलाच होता असे सिद्ध करावे लागणे, ही या उदार नाटकाची मर्यादा होय.

४

या पार्श्वभूमीवर पैठणच्या एकनाथांचा ‘हिंदु-तुर्क संवाद’ ठेवून पाहावा. परंपरेने एकनाथांचा काळ १५३३ ते १५९९ असा मानला जातो. म्हणजे शायलॉकचे पात्र लंडनमध्ये अवतरले, तेव्हा एकनाथ हयात होते. त्यांचे गुरू जनार्दनस्वामी हे देवगिरीच्या किल्ल्यावर मुसलमानी सत्तेचे अधिकारी होते, असे परंपरा सांगते. अशा कवीचा तुर्क ऐकीव असण्याचा संभव नव्हता.

या संवादाची तीन वैशिष्ट्ये नाट्यदृष्ट्या महत्त्वाची आहेत. पहिले भाषेचे. तुर्क दखनी वळणाची बोली मिसळून बोलतो, हिंदू मराठीत बोलतो, आणि दोघांपैकी कोणालाही दुभाषाची गरज पडत नाही. श्रोत्यालाही ती पडत नव्हती. प्लॉटसच्या प्रहसनात परकी भाषा न कळल्यामुळे हशा उत्पन्न होतो. येथे ती पुरेपूर कळते म्हणून प्रत्येक टोला वर्मी बसतो. विनोद आहेच, पण तो शब्द न समजण्याचा नसून फार चांगले समजण्याचा आहे.

दुसरे वैशिष्ट्य आक्षेपांच्या समतोलाचे. तुर्क हिंदूंची मूर्तिपूजा, पुराणांतील देवांचे वर्तन आणि सोवळ्याओवळ्याचा आचार यांवर निर्भीडपणे बोट ठेवतो. हिंदू उलट विचारतो की, ईश्वर सर्वत्र आहे तर एकाच दिशेला तोंड कशासाठी, आणि जीव घेऊन पुण्य कसे मिळते. या देवघेवीत हिंदूने धर्मांतराविषयी केलेला एक प्रश्न आहे : हिंदूला धरून मुसलमान करावयाचे, तर त्याला हिंदू म्हणून जन्माला घालण्यात ईश्वराची चूक झाली काय? त्याच दशकांत व्हेनिसच्या कल्पित न्यायसभेत धर्मांतर ही दया ठरली होती. पैठणला तीच गोष्ट वादाचा विषय झाली आणि ज्याच्या बाजूने ती केली जात होती, त्याला समोर उभे करून तिचा जाब विचारला गेला. दोन रंगपरंपरांमधील अंतर या एका ठिकाणी जितके स्पष्ट दिसते, तितके अन्यत्र दिसत नाही.

तिसरे वैशिष्ट्य शेवटाचे. ईश्वराच्या ठायी जातिभेद नाही, या निष्कर्षापाशी दोघे येतात, परस्परांना वंदन करतात आणि आलिंगन देतात. येथे कोणी कोणाचा हरवलेला भाऊ निघत नाही. कोणी धर्म बदलत नाही, मरत नाही, गावाबाहेर जात नाही. हिंदू हिंदू राहतो, तुर्क तुर्क राहतो, आणि दुसऱ्या दिवशी दोघांना त्याच रस्त्याने जावयाचे असते. युरोपीय नाटकाला न सापडलेली चौथी वाट ती हीच, असे म्हणण्याचा मोह होतो.

तथापि या मोहाला समीक्षकाने लगाम घातला पाहिजे. या संवादाचा कर्ता एक आहे आणि तो एका बाजूचा आहे. ज्या अद्वैताच्या भूमीवर दोघांचा मिलाफ होतो, ती भूमी एकनाथांना पूर्वीच परिचित आणि मान्य होती. तुर्काला तेथपर्यंत चालून यावे लागते. तुर्काच्या मुखी घातलेले आक्षेपही त्यातील सोवळ्यावरचा रोख पाहता कवीच्या स्वतःच्या मनात असलेले असावेत, अशी शंका येते. परक्याच्या तोंडून स्वसमाजाला सुनावण्याची ही युक्ती युरोपातही अज्ञात नव्हती. म्हणून या संवादाला दोन धर्मांचे तटस्थ इतिवृत्त समजणे चुकीचे होईल. त्याचे मोल अन्यत्र आहे. दुसऱ्या बाजूचे कठोरातले कठोर वाक्य दुसऱ्याच्याच बोलीत, त्याच्या ठसक्यासह, भर श्रोतृवृंदात उच्चारले जाऊ देण्याची तयारी त्यात आहे. भारुडाच्या रीतीने एकच सादरकर्ता अनेक सोंगे घेतो. एकनाथांच्या भारुडांत वाघ्या, गोंधळी, महार, जोशी यांच्याबरोबर फकीर, दरवेशी आणि हबशी यांचीही सोंगे आढळतात. ज्या पंक्तीत गावातील सर्व माणसे बसलेली आहेत, त्याच पंक्तीत हेही बसले आहेत. त्यांच्यासाठी वेगळे पान मांडलेले नाही.

५

येथे हबशाचा उल्लेख आला, तो पुढील एका प्रश्नाकडे नेतो. मराठी नाटक जेव्हा शेक्सपिअरच्या परिचयाने नवे रूप घेऊ लागले, तेव्हा ऑथेल्लोचे त्याने काय केले? महादेवशास्त्री कोल्हटकर यांनी १८६७ मध्ये या नाटकाचे मराठी भाषांतर केले. पुढे १८९० मध्ये गोविंद बल्लाळ देवल यांचा ‘झुंजारराव’ रंगभूमीवर आला आणि तोच लोकप्रिय झाला. ऑथेल्लोचा झुंजारराव झाला, डेस्डिमोनाची कमळजा, इआगोचा जाधवराव. देवलांची संवादरचना इतकी सहज आहे की मूळ नाटक इंग्रजी असल्याचा विसर पडावा. परंतु या यशाची किंमत काय पडली? नावांच्या या साजाबरोबर कथा एकाच सरदारी समाजाच्या अंगणात येते, आणि मूर या शब्दात सामावलेले परकेपण, म्हणजे दुसऱ्या खंडातून आलेला, गुलामीतून वर चढलेला, ज्याच्या तलवारीची गरज आहे पण ज्याच्याशी सोयरीक नको असा पुरुष, ही कल्पना क्षीण होते. द्वेष आणि संशय उरतात. त्यांचे सामाजिक मूळ उरत नाही.

हे स्थलान्तर अपरिहार्य होते, असे म्हणता येत नाही. दख्खनच्या इतिहासात ऑथेल्लोला साक्षात प्रतिरूप उपलब्ध होते. हबसाणात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर निजामशाहीचा सूत्रधार झाला, मोगलांशी वर्षानुवर्षे झुंजला, त्याने १६१० मध्ये खडकी हे नगर वसविले आणि १६२६ मध्ये तो वारला. लंडनमध्ये ऑथेल्लो प्रथम रंगभूमीवर आला, त्याच वर्षांत हा हबशी सेनानी दख्खनमध्ये आपले आसन स्थिर करीत होता. जंजिऱ्याच्या सिद्दींची आठवणही मराठी मनात ताजी होती. इतके असूनही एकोणिसाव्या शतकातील मराठी रंगभूमीने आपल्या ऑथेल्लोसाठी झुंजारराव हे नाव निवडले. भारुडात ज्या हबशाला सोंग मिळाले होते, त्याला सुशिक्षितांच्या नाटकात नायकाची भूमिका मिळू शकली नाही. १९६१ मध्ये वि. वा. शिरवाडकरांनी ‘ऑथेल्लो’ हे नाव कायम ठेवून नाटक मराठीत आणले, तेव्हा परका परका म्हणून परतला. पण तो व्हेनिसचा परका होता.

खुद्द इंग्रज राज्यकर्त्याचे चित्रण मराठी नाटकाने कसे केले, हेही या संदर्भात पाहण्यासारखे आहे. १८७६ च्या नाट्यप्रयोगविषयक कायद्यामुळे त्याला उघडपणे रंगभूमीवर आणणे दुष्कर होते. कृ. प्र. खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’त (१९०७) प्रेक्षकांनी कीचकाच्या ठिकाणी लॉर्ड कर्झनला ओळखले आणि सरकारने १९१० मध्ये नाटकावर बंदी घातली. या घटनेच्या शेजारी व्हॉल्तेअरचे ‘माहोमेत’ हे नाटक ठेवावे. १७४१ मध्ये लील येथे आणि १७४२ मध्ये पॅरिसमध्ये त्याचे प्रयोग झाले, आणि पॅरिसमध्ये ते तीन प्रयोगांनंतर मागे घ्यावे लागले. कारण दूरच्या पैगंबराच्या वेषात जवळच्या धर्मसत्तेवर टीका आहे, हे विरोधकांनी हेरले. फ्रेंच नाटककाराने आपल्याच माणसाला परक्याचा पोशाख दिला. मराठी नाटककाराने परक्याला आपल्या पुराणाचा पोशाख दिला. दडपणाखालील रंगभूमीचा मार्ग दोन्हीकडे एकच; दिशा मात्र उलट. जो सत्ता गाजवितो त्याला दूर नेता येत नाही, म्हणून त्याला विराटाच्या घरात आणून बसवावे लागते.

६

आता पुन्हा हट्ट्याच्या श्रोत्याकडे वळावे. हा प्रदेश सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. १८८४ पासून तेथील राजभाषेचे स्थान फारसीऐवजी उर्दूला मिळाले होते. घरात आणि शेतात मराठी, कचेरीत उर्दू आणि बाजारात दोन्हींची सरमिसळ, अशा स्थितीत अनेक पिढ्या वाढल्या. एकनाथांच्या संवादातील द्विभाषिक श्रोता हा त्यामुळे येथे कल्पनेचा विषय नव्हता. परंतु याच परिसराने १९४७-४८ मध्ये रझाकारांचे अत्याचार सोसले आणि पोलीस कारवाईनंतर निरपराध मुसलमानांवर उगवलेला सूडही पाहिला. शेजारी एकाएकी परका ठरू शकतो, हे या भूमीला कोणत्याही सिद्धान्ताशिवाय ठाऊक आहे.

नेमक्या याच कारणासाठी समीक्षेने शब्द जपून वापरले पाहिजेत. युरोपीय नाटकांवरून सिद्ध झालेली ‘परकीयाची प्रतिमा’ ही संज्ञा दूरत्व गृहीत धरते. ती एकनाथांच्या तुर्काला लावली की अभ्यासक नकळत त्या तुर्काला गावाबाहेर नेऊन ठेवतो, आणि कवीने जे केले नाही ते समीक्षा करून मोकळी होते. याच जिल्ह्यातील नरसीशी ज्यांचे नाव जोडलेले आहे, ते नामदेव पंजाबात गेले आणि त्यांची पदे शिखांच्या ग्रंथसाहेबात आदराने समाविष्ट झाली. तेथे परका कोण होता? नामदेवांना पंजाबी समाजाने आपले मानण्यापूर्वी ते मुळात पंजाबीच होते, असे सिद्ध करण्याची गरज कोणाला भासली नाही.

म्हणून तौलनिक अभ्यासात दोन प्रकार वेगळे ठेवणे अगत्याचे आहे. एक, दुरून आलेला अथवा दूर ठेवलेला परका. त्याचे नाट्य कुतूहलावर, भयावर अथवा करुणेवर चालते आणि तो निघून गेला की संपते. दुसरा, न जाणारा परका, म्हणजेच शेजारी. त्याचे नाट्य वादावर चालते, कारण त्याला उत्तर देता येते आणि तो प्रत्युत्तर देतो. पहिल्या प्रकारात युरोपीय रंगभूमीने शायलॉक आणि ऑथेल्लो यांसारखी शिखरे गाठली, त्यांच्या जवळपास जाईल असे काही मराठी नाटकाने या विषयात निर्माण केलेले नाही, हे मान्य केले पाहिजे. दुसऱ्या प्रकारात मात्र चार शतकांपूर्वी पैठणला एक आरंभ झाला होता. मराठी नाटकाने पुढे तो धागा उचलला नाही. तो भारुड करणाऱ्यांच्या हाती राहिला. या संवादाच्या मौखिक पाठांचा, त्यांतील दखनी बोलीच्या रूपांचा आणि गावोगावच्या सादरीकरणांतील फरकांचा पद्धतशीर संग्रह करणे हे मराठवाड्यातील संशोधकांचे काम आहे. ती बोली समजणारे वृद्ध श्रोते गावोगाव कमी होत आहेत. ती कोणालाच कळेनाशी झाली, म्हणजे एकनाथांचा तुर्कही प्लॉटसच्या हान्नोसारखा न कळणाऱ्या भाषेत बोलू लागेल आणि श्रोते केवळ त्याच्या उच्चाराला हसतील. तो दिवस येण्यापूर्वी हे काम झाले पाहिजे.